एकही शब्द न गाळता

कॉन्सेप्सियोन, ६ ऑक्टोबर १९९६

दादा, आशीर्वाद दे.

बातमी चांगली आहे, असं सगळे म्हणतात. जमीन-नोंदणी कचेरीत मला मुख्य कारकून करायचं ठरतंय. खिडकीजवळचं मोठं टेबल, स्वतंत्र पंखा, आणि दोन्या एर्मेलिंदाबाई बावीस वर्षं जिच्यात बसून निवृत्त झाल्या ती खुर्ची. साहेबांनी पंधरा डिसेंबरपर्यंत उत्तर मागितलंय. ते म्हणाले, "एवढे दिवस विचार करायला लागतात का, निमिया?" मी म्हटलं, "लागतात."

तू शिकवल्याप्रमाणे कागदाचे दोन भाग केले. एकीकडे 'घ्यावी', दुसरीकडे 'घेऊ नये'. दोन्हीकडे एकोणीस-एकोणीस मुद्दे झाले. मग अकरा माणसांना विचारलं. पाद्रीबाबांनी प्रार्थना करायला सांगितलं, घरमालकीण न्या पोर्फिरियाबाईनं लग्न करायला. अकराव्याला विचारून घरी आले तेव्हा माझं स्वतःचं म्हणणं काय होतं तेच मला आठवेना. बढती आत्ता आलीय, पण मी रुतून बसलेय ती तीन वर्षं झाली. सकाळी सातला शिक्का उचलते आणि हात जड होतो. तुला हे लिहिलं नव्हतं, कारण ही जागा तू मिळवून दिलीस.

आता दुसरी गोष्ट. गेल्या महिन्यात एक म्हातारा चुकून आमच्या खिडकीशी आला. डॉन कातालिनो, 'सेफेरिना' बोटीचा वाटाड्या. पन्नास वर्षं नदीनं वर फुएर्ते ओलिंपोच्याही पलीकडे मालाच्या बोटी नेतो. त्याच्या हातात बंदर कचेरीचा कागद होता आणि त्याला वाचता येत नाही. मी वाचून दाखवला. यापुढे प्रत्येक वाटाड्यानं रोज पाण्याची खोली लिहून ठेवायची, असा नियम आलाय. म्हातारा म्हणाला, "नदी सगळी इथं आहे," आणि कपाळावर बोट ठेवलं. "पण इथलं कागदावर कोण उतरवणार?"

मी म्हटलं, "मी."

दादा, कुणालाही न विचारता म्हटलं. माझं मलाच नवल वाटलं.

साठलेली सगळी रजा टाकली आहे. तीन नोव्हेंबरला 'सेफेरिना'वरून निघते, महिन्याभरात परत. बदल म्हणून जातेय, बाकी काही नाही. वहिनीला आणि मुलींना गोड पापे.

तुझी निमिया

लाम्बारे, १९ ऑक्टोबर

निमिया,

आशीर्वाद आहेच. अक्कलही पाठवता आली असती तर पाकिटात घातली असती.

'बदल म्हणून' जायचं असेल तर सान बेर्नार्दिनोच्या तळ्यावर जा, पाय बुडवून बस, कलिंगड खा. सहा दाढीवाल्यांबरोबर, सिमेंटच्या गोण्यांवर झोपून, मच्छर मारत महिनाभर जाण्याला बदल म्हणत नाहीत. त्याला काय म्हणतात ते शाळा तपासनीस असल्यामुळे मी लिहू शकत नाही.

मी तुला ओळखतो. परिचारिकेचा अभ्यास चार महिने. शिवणकाम सात महिने. त्या मैत्रिणीबरोबर बेकरी काढणार होतीस ती तर भट्टी येण्याआधीच विझली. आता नदी! तुझं मन कुठं टिकत नाही, हे मी तुझ्या भल्यासाठी सांगतो. दुसरं कुणी सांगणार नाही. ती कचेरी ही एकच गोष्ट अशी आहे जिथं तू सतरा वर्षं राहिलीस, आणि तीसुद्धा मी मागं उभा होतो म्हणून.

अकरा माणसांना विचारलंस, बारावा मी. माझं उत्तर: खुर्ची घे. एकोणीस मुद्दे या बाजूला आणि एकोणीस त्या बाजूला असतील तर विसावा माझा धर.

आणि एक. आई गेली तेव्हा तू तीन वर्षांची होतीस आणि मी एकोणीसचा. तुझ्यासाठी मी काय सोडलं ते तुला माहीत आहे. मी कधी बोलून दाखवत नाही, आजही दाखवत नाही. फक्त एवढंच म्हणतो की एका माणसानं सोडून दिलेल्या आयुष्याचं दुसऱ्यानं काहीतरी धड करावं.

बोटीवर जायचंच असेल तर लोकरीचा सदरा ने, पहाटे गार असतं. 'टाकलेली' रजा म्हणत नाहीत, अर्ज टाकतात, रजा घेतात.

तुझा दादा, एलिखियो

'सेफेरिना' बोटीवरून, १७ नोव्हेंबर

दादा, आशीर्वाद दे.

हे पत्र खाली जाणाऱ्या बोटीबरोबर पाठवतेय. लोकरीचा सदरा उपयोगी पडला. रजा 'घेतलेली' मजेत आहे.

पहिले चार दिवस सगळे मला 'सरकारबाई' म्हणायचे. स्वयंपाकी विचारायचा, "सरकारबाई, या रश्श्यावर शिक्का मारणार का?" पाचव्या दिवशी मी रश्श्यात मीठ कमी असल्याचं लेखी दिलं, तारीख आणि सही घालून. तेव्हापासून नुसती 'निमिया'.

काम असं: पुढच्या टोकाला उभं राहून रंगाचे पट्टे मारलेला वेळू पाण्यात सोडायचा, किती फूट ते ओरडून सांगायचं, मग वहीत लिहायचं. उन्हाळ्यामुळे पाणी फार उतरलंय. वाळूचे दांडे पाण्याखाली सरकत असतात, काल होता तो आज तिथं नसतो. डॉन कातालिनो पाण्याच्या रंगावरून, सुरकुत्यांवरून, जलपर्णीचे पुंजके कुठून वाहत येतात त्यावरून सांगतो. मी विचारलं, "हे शिकायला किती वर्षं लागतात?" तो म्हणाला, "मला नाही माहीत, मी अजून शिकतोय."

पण परवा काय झालं ते ऐक. एका बेटापाशी आलो. तो म्हणाला, इथं पूर्वी उजव्या काठाला खोल पाणी असे, आता खात्री नाही. मी बेटाचं नाव विचारलं आणि दादा, मला सगळं पाठ होतं! त्या काठाची मालकीण दरवर्षी कचेरीत येते आणि टेबलावर हात आपटते, "नदीनं माझी जमीन खाल्ली, लिहा!" चौदा वर्षं मीच लिहितेय. कुठल्या वर्षी किती मीटर, कुठला खांब वाहून गेला, समोरच्या काठाला किती नवी वाळू आली. मी सांगितलं, "खोल पाणी अजून उजवीकडेच, पण आता काठाच्या आणखी जवळ. जुन्या कुंपणाचे खांब पाण्यात असतील, त्यांना चुकवायचं." वेळू सोडला. अकरा फूट. आणि खांबसुद्धा!

म्हातारा माझ्याकडे वळला. "पोरी," तो म्हणाला, "मी नदीच्या चेहऱ्यावरून तिची ओळख ठेवतो. तू तर तिचा जन्मापासूनचा दाखला घेऊन हिंडतेस."

सतरा वर्षं मी समजत होते की मी फक्त शिक्के मारले.

कप्तान ओर्तिगोसा बोटीचा मालकही आहे. त्याला बाईमाणूस सुकाणूच्या आसपास दिसलं की खोकला येतो. मधे दोन दिवस खोळंबा झाला, कारण लिहिण्यासारखं नाही. पाच डिसेंबरपर्यंत कॉन्सेप्सियोनला पोचू.

निमिया

लाम्बारे, २८ नोव्हेंबर

प्रिय निमिया,

पत्र पोचलं. आनंद वाटला. मागच्या पत्रात मी जरा जास्तच बोललो, वहिनीनंही मला झापलं. तू आता अडतीस वर्षांची आहेस. तुझं तू ठरव. मी मधे पडणार नाही.

तो खोळंबा कसला, हे मी विचारत नाही. आमच्या गल्लीतला एक जण बंदरावर हमाली करतो. तो काहीबाही सांगत असतो, मी लक्ष देत नाही.

मुली आठवण काढतात.

दादा

कॉन्सेप्सियोन, ९ डिसेंबर

दादा,

आज आशीर्वाद मागत नाही.

पाच तारखेला दुपारी आम्ही धक्क्याला लागलो. माल उतरवून सगळे सावलीत बसले होते, तेरेरेचा, गार पाल्याच्या चहाचा, पेला हातोहात फिरत होता. टपालवाला आला आणि डॉन कातालिनोच्या हातात एक पाकीट देऊन गेला. म्हातारा हसला. "पन्नास वर्षांत मला कुणी पत्र लिहिलं नाही. निमिया, बघ बरं कोण मेलं."

पाकिटावरचं अक्षर बघितलं. ज्या अक्षरात तू मला लिहायला शिकवलंस, तेच ते.

मी उघडलं. मनात दोन ओळी वाचल्या. दादा, मला किती सोपं होतं! त्याला वाचता येत नाही, बाकीच्यांचंही यथातथाच. 'माझ्या बहिणीला सांभाळलंत, आभारी आहे' एवढं म्हणून मी घडी घालून टाकली असती तरी कुणाला कळलं नसतं. तू ते पत्र लिहिलंस तेव्हा त्याला वाचता येत नाही हे विसरलास का? की कुणीतरी वाचून दाखवील असं धरून चाललास, आणि ती कुणीतरी मी असेन हे तुझ्या डोक्यातच आलं नाही?

मी मोठ्यानं वाचलं. एकही शब्द न गाळता.

'माझी बहीण हळव्या मनाची आणि धरसोड वृत्तीची आहे. तिनं आजवर हाती घेतलेलं काहीही शेवटाला नेलेलं नाही. तिच्यामुळे आपली बोट दोन दिवस वाळूत बसल्याचं मला समजलं आहे. कृपया तिला पुन्हा बोटीवर घेऊ नये. तिच्यात ते नाही, असं आपणच तिला सांगावं. आपल्या तोंडून आलं तर ती ऐकेल. हे पत्र मी पाठवल्याचं तिला कळू देऊ नये.'

शेवटच्या वाक्याला स्वयंपाकी फिसकन हसला आणि मग एकटाच हसतोय हे कळून गप्प झाला. कप्तान ओर्तिगोसा बुटांकडे बघत होता.

डॉन कातालिनोनं विचारलं, "संपलं?"

"सही राहिली."

"वाच तीही."

"एलिखियो आयाला, शाळा तपासनीस."

"तुझा कोण?"

"भाऊ. आई-बापाच्या जागी."

त्यानं पेल्यातलं तेरेरे संपवून पेला पुढं दिला. मग म्हणाला, "तुला यातलं गाळता आलं असतं."

"आलं असतं."

"मग?"

मी म्हटलं, "जे लिहिलंय तेच वाचायचं, हे माझं काम आहे."

आता तो वाळूचा प्रकार. मी तुझ्यापासून लपवला, चूक माझी. घडलं ते असं. वाय्येमीच्या वर एका ठिकाणी नदीचे दोन फाटे होतात. म्हाताऱ्यानं सुकाणू माझ्या हातात दिलं आणि म्हणाला, "कुठून न्यायचं ते तू ठरव." मी डावा फाटा धरला. कप्तान मागून ओरडला, "सगळे उजवीकडून जातात, उजवीकडून!" मी उजवीकडे वळवलं. मग वाटलं, नाही, डावाच बरोबर होता. पुन्हा वळवलं. तोवर बोट आडवी झाली, प्रवाहानं तिला ढकललं आणि आम्ही वाळूत. दोन दिवस सगळ्यांनी सिमेंटच्या गोण्या होडक्यांत उतरवल्या, बोट हलकी केली, ओढून काढली. माझ्याशी कुणी बोलत नव्हतं. मी पुढच्या टोकाला बसून रडले. वहीत लिहिलं: 'सुकाणूवर निमिया आयाला. चूक तिची.'

दुसऱ्या दिवशी डॉन कातालिनो तळलेला मासा घेऊन माझ्याशेजारी येऊन बसला. मी विचारलं, "डावा बरोबर होता की उजवा?"

तो म्हणाला, "डावीकडूनही गेलो असतो, उजवीकडूनही. मी दोन्हीकडून गेलोय. तू मधेच वळलीस म्हणून आपण इथं बसून मासा खातोय."

दादा, त्या रात्री मी झोपले नाही. आजवर मी कितीदा मधेच वळले ते मोजत होते. परिचारिकेचा अभ्यास मला आवडत होता, तू म्हणालास रक्त बघवणार नाही. बेकरीला तू म्हणालास मैत्रीण फसवेल. मी तुला दोष देत नाही, सुकाणू माझ्याच हातात होतं. पण मागून ओरडणारा आवाज कुणाचा होता तेही मी आता विसरणार नाही.

बोट निघाली तेव्हा कप्तान म्हणाला, "ही पुन्हा सुकाणूला हात लावणार नाही." म्हातारा म्हणाला, "आज तीच नेईल, नाहीतर मी इथंच उतरतो." पुढच्या फाट्याला कप्तान पुन्हा ओरडला. मी वळले नाही. सात फूट, साडेसहा, सहा, सहा, आणि मग नऊ. त्यानंतर येता-जाता चौदा वेळा सुकाणू धरलं. हे तुझ्या हमालानं तुला सांगितलं नसावं.

आता पुढचं. सकाळी मी कचेरीत गेले, पंधरा तारखेची वाट न बघता. साहेबांना म्हटलं, "बढती नको." ते म्हणाले, "ठीक आहे, मग आहात तिथंच राहा." म्हटलं, "तेही नको." राजीनामा टेबलावर ठेवला. त्यांनी विचारलं, "भावाला विचारलंत?" मी म्हटलं, "आता कळवणार आहे."

तर कळवतेय. पगार जाईल, निवृत्तिवेतन जाईल, न्या पोर्फिरियाची खोली सोडावी लागेल. हे सगळं मला दिसतंय. भीती वाटते. तरी जातेय.

सोबत डॉन कातालिनोचं उत्तर. त्यानं सांगितलं, मी लिहिलं. मी एक शब्द घातला नाही, एक वगळला नाही.

'डॉन एलिखियो, तुमचं पत्र मिळालं. तुमच्या बहिणीनं वाचून दाखवलं. बोट वाळूत बसली हे खरं. माझ्या हातून नऊ वेळा बसली आहे. तुम्ही म्हणता तिच्यात ते नाही. मला वाचता येत नाही, त्यामुळे कोण खरं वाचतं आणि कोण मला बरं वाटावं म्हणून वाचतं, हे मला ऐकून ओळखावं लागतं. जो माणूस स्वतःविरुद्धचा कागद असा वाचतो, तो मला खोलीचा आकडा कधी खोटा सांगणार नाही. मला तीच हवी. तुम्ही शिकलेले आहात, तुम्हाला राग येऊ नये. कातालिनो.'

त्यानं सही म्हणून अंगठा उठवलाय.

निमिया

लाम्बारे, २ जानेवारी १९९७

निमिया,

तीन वेळा लिहिलं आणि फाडलं. पहिल्यात तुला झापलं होतं. दुसऱ्यात त्या म्हाताऱ्याला. तिसऱ्यात मी इतका चांगला होतो की वहिनी वाचून म्हणाली, "हे कुणी लिहिलंय?"

पत्र पाठवणं चूक होतं. ते लपवणं त्याहून. हे लिहून झालं. पण मला अजूनही पटलेलं नाही, हेही लिहितो. बाईनं नदीवर, त्या माणसांत, म्हातारपणाची सोय सोडून. मी खोटं पटल्याचं लिहिणार नाही.

आता जे लिहितोय ते मी कुणालाच सांगितलेलं नाही. वहिनीलाही नाही.

एकोणिसाव्या वर्षी मला नदीपलीकडच्या चाकोच्या रानात जमीन मोजायला जाणाऱ्या तुकडीत घेणार होते. साखळी धरायला, पुढे मोजणीदार व्हायला. सोमवारी सकाळपर्यंत हो किंवा नाही सांगायचं होतं. मी सगळ्या गावाला विचारत हिंडलो. पाद्री, मास्तर, वाणी, रामोना मावशी. मावशी म्हणाली, "जा. पोरीला मी सांभाळते, माझ्या चारांत पाचवी." हे तुला माहीत नाही. मी तुला नेहमी सांगत आलो की तुला बघायला कुणी नव्हतं म्हणून मी राहिलो. कुणी नव्हतं असं नव्हतं.

सोमवार आला. मी नाही म्हटलं नाही. हो म्हटलं नाही. चौकात उभा राहिलो. ट्रक माझ्यासमोरून गेला, वरच्या एकानं हात केला. मीही केला. मग घरी येऊन तुझी वेणी घातली, आणि ती घालताना ठरवून टाकलं की मी हे तुझ्यासाठी केलं.

इतकी वर्षं मी इतरांच्या शाळा तपासतो. तू जी नोंद वहीत केलीस, 'सुकाणूवर निमिया, चूक तिची', तसं वाक्य मी स्वतःबद्दल एकदाही लिहिलेलं नाही. आज लिहिलं.

तू ते पत्र वाचून दाखवलंस हे मला रोज आठवतं. शाळेत एखादं पोर मोठ्यानं वाचायला उभं राहिलं की ऐकवत नाही.

उत्तर दिलं नाहीस तरी समजेन.

एलिखियो

कॉन्सेप्सियोन, २३ मार्च

दादा, आशीर्वाद दे.

उत्तर यायला उशीर झाला, कारण मी नदीवर होते, आणि कारण मला राग होता. तुझं पत्र तीन फेऱ्यांत बरोबर घेऊन फिरले. पहिल्या फेरीत ते पाण्यात फेकावंसं वाटत होतं. कळायला लागल्यापासून मी असं समजत आले की माझ्यामुळे एक माणूस जगायचा राहून गेला. म्हणून मी तुला कधी 'नाही' म्हटलं नाही, तुला आवडणार नाही ते करताना अर्ध्यातून फिरले. आणि तसं काही नव्हतंच! दुसऱ्या फेरीत राग उतरत गेला आणि पाठ हलकी वाटायला लागली. तिसऱ्या फेरीत मी चौकात उभ्या असलेल्या त्या एकोणीस वर्षांच्या मुलाचा विचार केला. त्याच्यावर मला रागावता येईना.

आता परीक्षेचं. गेल्या आठवड्यात असुन्सियोनला जाऊन शिकाऊ वाटाड्याची परीक्षा दिली. हो, तुझ्यापासून अर्ध्या तासावर तीन दिवस राहिले आणि आले नाही. आले असते तर तू जेवू घातलं असतंस आणि जेवताना समजावलं असतंस.

खिडकीवरच्या माणसानं विचारलं, "नवऱ्याचा अर्ज आणलात का?"

"माझा आहे."

"नियमात बायकांचा उल्लेख नाही."

"पुरुषांचाही नाही. 'अर्जदार' असं म्हटलंय. सातवं कलम, दुसरी ओळ. वाचून दाखवू?"

त्यानं मला बाकावर बसायला सांगितलं. सकाळी आठपासून दुपारी तीनपर्यंत बसले. दोघांनी मला साफसफाईची बाई समजून किल्ल्या मागितल्या, एकानं कॉफी. चौथा आला तो मात्र आत बोलवायला. मंडळावर तीन माणसं. बोटींच्या दिव्यांच्या खुणांमधे मी चुकले, हिरवा-लाल उलटा सांगितला. ते एकमेकांकडे बघून हसले आणि म्हणाले, "पुढच्या वर्षी या." मी म्हटलं, "एखादाच भाग गेला तर अठ्ठेचाळीस तासांत पुन्हा घ्यायची तरतूद आहे." मधला म्हणाला, "तुम्ही वकील आहात का?" म्हटलं, "कारकून होते."

अठ्ठेचाळीस तासांनी पुन्हा गेले. या वेळी कुणी हसलं नाही. दिवे सगळे बरोबर. शेवटी मधल्यानं विचारलं, "पुढे कुणी बोटीवर घेतलंच नाही तर काय कराल?" मी म्हटलं, "घेतलंय. मी इथं काम मागायला आलेले नाही, कागद न्यायला आलेय." कागद मिळाला. दोन वर्षं शिकाऊ, मग पूर्ण.

डॉन कातालिनो सध्या खोकतो फार. दोन वर्षं टिकतो म्हणतो, पण अट घातलीय की त्यानं डुलकी घेतली तर मी उठवायचं नाही. कप्तान ओर्तिगोसा मला अजून आवडत नाही आणि मीही त्याला. पण परवा धुकं होतं तेव्हा तो मागं उभा राहिला आणि अख्ख्या वळणभर एक शब्द बोलला नाही. त्याला ते किती जड गेलं असेल ते मला त्याच्या श्वासावरून कळत होतं.

तुला पटलेलं नाही, हे तू खरं लिहिलंस ते बरं केलंस. पटू नको. मला तुझी संमती नको आहे, तू हवा आहेस.

म्हणून सांगते. 'सेफेरिना' बारा एप्रिलला असुन्सियोनच्या धक्क्यावरून निघते, वर वाय्येमीपर्यंत. सुट्टी काढ. पलीकडच्या काठाला सगळा चाको आहे, ताडांच्या रांगाच्या रांगा, अजून कितीतरी न मोजलेला. झोपायला दोरीची झोळी मिळेल. आपला चीजचा चिपा पाव आण, भरपूर आण, माणसं सात आहेत आणि स्वयंपाक्याला अजून मीठ कळत नाही. वहिनीला सांगून ये किंवा न सांगता ये, पण बारा जणांना विचारून येऊ नको.

सकाळी सहाला म्हणजे सहाला. दोर सोडताना मला धक्क्याकडे बघता येणार नाही, मी पुढे बघत असेन. आलास तर चढताना मोठ्यानं हाक मार.

निमिया